पावसाची वाकळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यानंतर पेन हातात धरला तो किराणा लिहायला, नाहीतर डब्यावर नाव टाकायला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वेलांटी पहिली की दुसरी हे मला आजही कुणाला विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. चुकलं असेल तिथं माफी असावी. तसं हे कुणाला दाखवायचं नाहीच. पण मुनीर सरांवर एकदा पोरांचे पैसे खाल्ल्याचा आळ आला होता. आळ ऐकणारी माणसं पुष्कळ होती. तो कसा फिटला हे मात्र फारच थोड्यांनी पाहिलं, आणि त्यातली एक मी. म्हणून लिहून ठेवते.

लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे. डॉक्टर व्हायला आलेली पोरं-पोरी इथं गल्लोगल्ली खोल्या करून राहतात, त्यांना मी दोन वेळचं जेवण घालते. मुनीर सर दुपारचं माझ्याकडं जेवायचे. मागच्या गल्लीतल्या ज्युनियर कॉलेजात ते पर्यावरण शिकवायचे. अकरावी-बारावीला हा विषय सक्तीचा, पण त्याचे मार्क डॉक्टर व्हायला लागत नाहीत. पोरं वर्षाच्या शेवटी एकमेकांच्या वह्या उतरवून काढायची आणि पास व्हायची. आठवड्यातला शनिवारचा एक तास तेवढा सरांचा. त्याही तासाला फिजिक्सचे सर दारातून डोकावायचे, "मुनीर सर, आज मी घेऊ का तास?"

सर म्हणायचे, "घ्या की. वर्ग तुम्ही घ्या, पोरं मी नेतो."

आणि खरंच पोरांना घेऊन माझ्या मेसच्या मागं कडुलिंबाखाली यायचे.

सर मूळचे उदगीरचे. वडील पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. सर स्वतःला मास्तर म्हणायचेच नाहीत. "आम्ही गादीवाल्याची अवलाद, आक्का. लोकांना झोपवायचं काम बापानं केलं, मी उठवायचं करून राहिलो. दोन्हीत पैसा नाही." मला आक्का म्हणायचे ते उदगीरकडच्या पद्धतीनं. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या बाहीला कायम खडू. हातात काळी छत्री असायची, तीही उन्हाळ्यात. पावसाळ्यात छत्री घरी राहायची आणि सर भिजत यायचे. पाणी मागताना "अर्धा ग्लास द्या" म्हणायचे. अर्धा संपला की पुन्हा अर्धा. ग्लासात कधी घोटभरसुद्धा उरलेलं मी पाहिलं नाही.

त्यांचं एक वाक्य होतं, "घाई नाही, पण उशीर झालाय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भाकरीला वेळ लागला म्हणून बोलतायत. मी ओशाळले, हात भराभर चालवायला लागले. पुढं कळलं की ते सगळ्यालाच असं म्हणतात.

त्यांचं शिकवणं मी चुलीपाशी बसून ऐकायची. मला वर्गात जायची कधी छाती झाली नसती, पण वर्गच माझ्या दारात यायचा.

एकदा त्यांनी एक बादली मधे ठेवली आणि म्हणाले, "ही तुमची आजची टाकी. पहिल्या रांगेपासून ज्याला पाहिजे तेवढं घ्या." पोरं अभ्यास करून करून कंटाळलेली, ऊन मरणाचं. पुढच्यांनी तांब्या तांब्या घेतला, कुणी तोंडावर मारलं. शेवटच्या रांगेला बादली गेली तेव्हा तळाला गाळ होता. शेवटच्या रांगेत उमरीची सुषमा बसायची. काटकुळी पोरगी, पण तोंडाची तिखट.

"सर, हे बरोबर न्हाई. आम्ही माघं बसलो म्हून काय तहान न्हाई का आमाला?"

"तू निदान भांडायला तरी हाईस," सर म्हणाले. "जे अजून ॲडमिशनलाच आले नाहीत, त्यांच्या वतीनं कोण भांडणार?"

मग पुढून एक पोरगा म्हणाला, "सर, त्यांचा कटऑफ किती लागंल?" सगळ्यात जास्त सरच हसले. हसता हसता छत्रीवर रेलले. पुढच्या शनिवारी बादली ठेवली तेव्हा पहिल्या रांगेनं न सांगता अर्धा अर्धा ग्लास घेतला. सरांनी ते पाहिलं, पण शाबासकी वगैरे काही दिली नाही. मला म्हणाले, "एक आठवडा टिकतंय का बघू." नाही टिकलं. तिसऱ्या शनिवारी पुन्हा गाळ. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मग पत्र्याचं झालं. पोरांच्या खोल्या गच्चीवर पत्रे ठोकून केलेल्या. एप्रिलमध्ये पोरं ओली चादर पांघरून वाचायची. सरांनी तीन थर्मामीटर आणले. एक लिंबाला बांधलं, एक पोरांच्या खोलीत, आणि एक गल्लीच्या टोकाला जुनं धाब्याचं घर उरलं होतं, जाड भिंतींचं, वर मातीचं माळवद असलेलं, त्यात टांगलं. पोरं दुपारभर पळत पळत आकडे आणायची. पत्रा सगळ्यात तापलेला, लिंब त्याच्याहून बरा, आणि धाब्याचं घर इतकं गार की पोरं तिथून निघायला तयार होईनात.

सर मला म्हणाले, "आक्का, तुमच्या गावात कशी घरं होती?"

मी पोरांसमोर कधी बोलले नव्हते. हळूच म्हटलं, "धाब्याचीच."

माझं माहेर किल्लारीच्या अंगाला. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला सासरी होते. आई गावात होती. त्याच जाड भिंती, तेच मातीचं माळवद तिच्यावर आलं. तिची एक लाल इरकल साडी तेवढी ढिगातून निघाली, ती माझ्याकडं आहे. त्यानंतर आमच्याकडच्या माणसांनी दगड-मातीचं नाव टाकलं. दोन्ही हात जोडून पत्रा घेतला. पत्रा पडला तरी माणूस जगतो, असं सगळे म्हणायचे. माझे वडील पुढं जन्मभर पत्र्याखाली झोपले, उन्हाळ्यात भाजून निघाले, पण आत विटेची खोली बांधून दिली तिच्यात गेले नाहीत.

यातलं मी एवढंच बोलले, "आई धाब्याखालीच गेली माझी. तवापास्नं सगळ्यांनी पत्रा घेतला."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. सुषमानं विचारलं, "मग सर, माणसानं करायचं काय? धाब्यात दबून मरायचं का पत्र्यात भाजून?"

सर थर्मामीटर पुसायला लागले. मग म्हणाले, "आपण एका संकटाला भिऊन घर बांधलं. दुसरं संकट आपल्यामागून हळूहळू आलं, आवाज न करता. पत्रा नको असं मी म्हणत नाही. पण आता पत्र्याचं काहीतरी करा."

पुढच्या शनिवारी त्यांनी पोरांकडून खोल्यांवर कडबा अंथरून घेतला, उरलेल्या पत्र्याला चुना फासला. घरमालक खालून ओरडला, "ओ सर, पत्र्यावर रंगपंचमी लावली का काय? जनावरं चढतील कडब्याला!"

"चढू द्या," सर वरून म्हणाले, "त्यांनाही भाडं लावा."

खोली बरीच निवली. मालकानं कडबा आठ दिवसांत काढायला लावला, चुना मात्र राहिला. पुढच्या वर्षी त्यानं स्वतःच सगळ्या गच्चीला चुना मारला आणि भाडं वाढवलं.

वाकळीचं त्यांच्या डोक्यात आलं ते माझ्यामुळं. थंडीच्या आधी मी जुन्या साड्यांच्या वाकळी शिवते. पुण्याकडं गोधडी म्हणतात. सर जेवता जेवता वाकळीवर हात फिरवून बघत होते. म्हणाले, "आक्का, हिच्यात सालं शिवता येतील का?"

मला काही कळलं नाही. त्यांनी पोरांना दिवाळीला घरी जाताना सांगितलं, आजी-आजोबांना विचारा, कुठल्या साली पाऊस कसा होता. नीट पडला असेल तर त्या सालासाठी हिरव्या कापडाचा तुकडा आणा, पडला नसेल तर पिवळा, आणि नको तेव्हा कोसळला, गारा पडल्या, तर निळा. कापड घरातलंच पाहिजे, दुकानातलं चालणार नाही. एका गावाची एक उभी पट्टी, एका सालाची एक आडवी ओळ, जुनी सालं वर. पाठीच्या कापडाला आणि दोऱ्याला म्हणून प्रत्येकी वीस रुपये घेतले. मार्च संपायच्या आत वाकळ पुरी करून वर्गात टांगू, असा शब्द दिला.

दिवाळीनंतर पोरं पिशव्या भरून आली. धोतराचे तुकडे, लुगड्याचे काठ, कुणाची शाळेची हिरवी पिशवी फाडलेली. पण साल कुणालाच नीट सांगता येईना. एक म्हणायचा, भूकंपाच्या दोन वर्षं आधी. दुसरी म्हणायची, भूकंपानंतर तिसऱ्या साली. सगळ्या म्हाताऱ्यांचं घड्याळ तिथूनच चालू झालेलं. एवढंच नाही, निम्मी पोरं घरून हेही ऐकून आली होती की भूकंपात जमीन फाटली, पाणी खाली गेलं, तेव्हापासून पावसाचं बिनसलं.

त्या दिवशी सर पहिल्यांदा चिडलेले पाहिले. "भूकंप खालून आला. ऊन-पाऊस वरून येतो. दोन वेगळी प्रकरणं आहेत."

"पण सर, आमच्या आज्जीनं डोळ्यानं बघितलंय. हिरीचं पाणी गेलं."

"विहिरीचं गेलं असेल. आभाळाचं नाही गेलं. ऐक बाबा. भूकंप कुणाच्या हातात नव्हता. हवा तापली ती आपल्या धुरानं, जगभरच्या माणसांच्या धुरानं. म्हणजे ते माणसाच्या हातातलं आहे. भूकंपावर ढकललं की आपण सगळे सुटलो. मला सुटायचं नाही आणि तुम्हाला सोडायचं नाही."

वाकळ वाढत गेली. पोरं एकेक करून माझ्यापाशी बसायची, आपली पट्टी लावून घ्यायची. एका पोरानं अलीकडची सगळी सालं पिवळी आणली होती. सरांनी विचारलं, "खरंच सगळी कोरडी गेली?"

"न्हाई सर, मधी दोन चांगली झाली. पण पिवळं बरं दिसतंय."

"हिरवं असेल तिथं हिरवंच लाव. खोट्यानं शिवलेली वाकळ आपल्याच अंगावर घ्यायची असते."

निम्मी झाल्यावर आम्ही ती लिंबाला टांगली. पोरं हिरमुसली. त्यांना वाटलं होतं, वर सगळं हिरवं, खाली सगळं पिवळं दिसेल. तसं नव्हतं. सर म्हणाले, "नीट बघा. वरच्या ओळी बघा, एक साल बहुतेक एका रंगाचं. वाईट असलं तर सगळ्यांचं वाईट. आता खाली या." खाली एकाच ओळीत औसा पिवळा, शेजारचं गाव निळं, त्याच्या शेजारी हिरवं. "पाऊस सरळ कमी झाला असं ही वाकळ सांगत नाही. पाऊस बिघडला असं सांगते. आणि ही आठवण आहे, पुरावा नाही. आता तहसीलचे आकडे आणू आणि शेजारी लावू."

त्या सुमारास एक दिवस पोरं नसताना मी त्यांच्यासमोर एक लाल तुकडा ठेवला. आईच्या इरकलीचा, वीतभर कापलेला. म्हटलं, "सर, भूकंपाच्या सालाला हा एक लावू का?"

सरांनी तुकडा हातात घेतला. कापूस बघतात तसा दोन बोटांत धरून बघितला. मग माझ्या हातात परत दिला.

"आक्का, ही पावसाची हाय. आईला हिच्यात बसवलं तर पोरं पुन्हा दोन्ही एक करतील."

मी मान हलवली आणि भाकऱ्या थापायला गेले. राग आला होता. आईचा एक तुकडा सुद्धा यांना जड झाला, असं वाटलं. सर त्या दिवशी जेवले नाहीत, नुसते बसून गेले.

पुढं कॉलेजात बाहेरचे पाहुणे येणार म्हणून संस्थेचे साहेब वाकळ बघायला मेसवर आले. त्यांना ती फार आवडली. म्हणाले, "सर, एक करा. खालचं सगळं पिवळं करून टाका. आणि मधोमध एक लाल पट्टा घ्या, भूकंपाचा. लातूर म्हटलं की लोकांना भूकंप दिसला पाहिजे. फोटो भारी येईल."

मी आत होते. माझा हात थांबला. सर आता हो म्हणाले असते तर आईचा तुकडा बसला असता.

"साहेब, भूकंप आभाळातून नव्हता आला."

"लोकांना कुठं कळतंय?"

"पोरांना कळतंय. मीच शिकवलंय."

साहेब हसले, चहा प्याले आणि गेले. पाहुणे आले तेव्हा वाकळ मागवलीच नाही. पुढच्या शनिवारचा तास फिजिक्सला गेला, तो परत आला नाही. मुनीर सरांना परीक्षेच्या कामाला बसवलं. मग कुठल्याशा पालकानं तक्रार केली की वाकळीच्या नावाखाली पैसे गोळा केले, वाकळ कुठाय? साहेब सगळ्या मास्तरांसमोर म्हणाले म्हणे, "मुनीर सर, पोरांच्या विसांवर हात मारायची वेळ आली का?"

सर मेसवर आले ते छत्री न मिटताच बसले. मी म्हटलं, "सर, कापड आणू, मी रातीतून पाठ लावते. वाकळ दाखवा त्यांना."

"कुठं टांगू? वर्ग नाही, तास नाही. शब्द वर्गात टांगायचा होता. शब्द गेला, मग पैसे माझे नाहीत."

त्यांनी पैसे परत करायचं ठरवलं. पण ते पाणीटंचाईचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, मेसला टँकर मिळेना, परीक्षा होताच पोरं गावोगाव पांगली. सरांनी कुणाचं नाव लिहून ठेवलेलं नव्हतं. वाकळीवरची पट्टी बघून त्यांना पोर आठवायचं. रविवार आला की एसटीत बसायचे, कधी औसा, कधी निलंगा, कधी थेट नांदेडकडं. एकाचे पैसे दिले की येऊन मला सांगायचे आणि मी त्या पोराच्या पट्टीवर पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालायची.

मी एकदा म्हटलं, "सर, वीस द्यायला जाता आणि तिकीट त्याच्या कितीतरी पट."

"तिकीट माझं. वीस त्यांचे."

अर्धापूरला एका पोराच्या बापानं वीस रुपये घेतले आणि केळीची अख्खी फणी हातात दिली. सर ती घेऊन हताश होऊन मेसवर आले. "वीस द्यायला गेलो, पन्नासाची घेऊन आलो. असं फेडलं तर जन्म पुरायचा नाही आक्का." त्या दिवशी सगळ्या मेसनं केळी खाल्ली.

एकच पट्टी बिनटाक्याची राहिली. सुषमाची. सर दोनदा उमरीला गेले. घराला कुलूप होतं, घरचे हैदराबादकडं कामाला गेलेले, फोन लागत नव्हता. मग सर रिटायर झाले आणि उदगीरला गेले. जाताना वाकळ माझ्याकडं ठेवली, बिनपाठीची. म्हणाले, "सगळ्यांचे फिटले की मग पुरी करा. तोवर ती पोरांचीच."

वर्षं गेली. गल्लीत क्लास वाढले, लिंब तोडून पार्किंग झालं. मी थकले. मेस आता सून बघते.

यंदाच्या उन्हाळ्यात एक बाई धाकट्या बहिणीच्या ॲडमिशनची चौकशी करायला आली. जेवताना माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, ओळखलं न्हाई का?" आवाजावरून ओळखलं. सुषमा डॉक्टर नाही झाली. नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. मी लगेच उदगीरला फोन लावला. सर म्हणाले, "तिला बसवून ठेवा. घाई नाही."

पुढचं वाक्य या वेळी ते बोलले नाहीत.

दुपारच्या एसटीनं आले. छत्री तीच. पाठ फार वाकलेली, दम लागत होता. सुषमा उठून पाया पडायला वाकली तर सर तिचाच हात धरून खुर्चीत बसले.

"काय करून राहिली बाई?"

"नर्स हाय सर. उन्हाळ्यात आमच्याकडं लई माणसं येतात, उन्हानं पडलेली. मी त्यांना पहिला प्रश्न विचारते, घर पत्र्याचं हाय का? डॉक्टर हसायचे आधी. आता तेच म्हणतात, सुषमा, पत्रा विचारला का? घरी सोडताना मी सांगते सगळ्यांना, चुना मारा, कडबा टाका वरी."

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "अर्धा ग्लास."

पाणी पिऊन त्यांनी शर्टाच्या खिशातून विसाची नोट काढून तिच्यापुढं धरली. सुषमाला आधी कळेना. कळलं तेव्हा मागं सरली. "सर, राहू द्या ना. वीस रुपयाचं काय घेऊन बसलात?"

"मी घेऊनच बसलोय, म्हणून तर. घे."

तिनं घेतली. नोट तळहातावर धरून उभी राहिली, पर्समध्ये टाकेना.

मी पेटीतून वाकळ काढली, कॉटवर पसरली. सरांनी चष्मा लावून एकेक ओळ बघितली, बोटानं कापड चाचपलं. मग मला म्हणाले, "आक्का, आता ही कुणाचं देणं लागत नाही. पाठ लावा. ती इरकल हाय ना अजून?"

"हाय."

"ती खालून लावा. जमीन खालीच असते."

सरांची चार वाजताची एसटी होती. सुषमा सोडायला निघाली तर नको म्हणाले, ऊन फार आहे, तू बस. मी दारातून बघत राहिले. उन्हात गल्ली पांढरी पडली होती, दोन्ही बाजूच्या गच्च्यांवर चुना मारलेले पत्रे. काळी छत्री कोपऱ्यापर्यंत दिसली आणि वळली.

आत आले. सुईत पांढरा दोरा ओवता येईना, डोळे गेलेत माझे. सुषमानं ओवून दिला. उमरीच्या पट्टीवर टाका घातला आणि गाठ मारली. सगळ्यांचे फिटले.